अक्का, त्या फ्रॉकांचं बोलायचं राहिलं

अक्का, घरात बसवत नाही.

रेणापूरच्या मळ्यात तुला मातीत बसवून आलो त्याला आज नऊ दिवस झाले. स्वामींनी विभूती लावली, तुझ्या तळहातावर लिंग ठेवलं, आणि तुझ्या लेकानं, महादेवानं, पहिली मूठ माती टाकली. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत हे एक बरं. तिसऱ्या दिवशीच मी लातूरला आले आणि कारखान्याचं कुलूप काढलं. महादेव म्हणत होता, "काकू, चार दिवस तरी बसा की." मी म्हटलं, "बसून काय करू?"

इथं तरी कुठं बसणं होतंय. कापायच्या टेबलाशी जाते, खडू उचलते, परत ठेवते. सगळ्या जणी मशिनीवर आहेत, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. परवा नवा तागा सोडताना माझ्या तोंडून गेलं, "अक्का, हे पाण्यातनं काढायचं का तसंच कापायचं?" सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. मग मीच ओरडले, "थांबताय कशाला? चालू द्या."

कापड आटणारं आहे की नाही हे मला अजून हाताला कळत नाही. तुला कळायचं. तू चिमटीत धरायचीस, जरा चोळायचीस आणि सांगायचीस. मी सहा महिन्यांचा शिवणाचा क्लास केलेली, प्रमाणपत्र भिंतीला लावलेली. तू कुठल्याच क्लासला गेली नाहीस. ह्यावरून आपण चाळीस वर्षं भांडलो.

मी तुझी धाकटी जाऊ. घरात आले तेव्हा अठराची होते आणि तुला भ्यायचे. तू निलंग्याकडची, मधूनच कानडीत पुटपुटायचीस, मला वाटायचं मलाच बोलतेय. अहो अक्का, जाऊ का अक्का, आणू का अक्का, असं चालायचं. आणि वर्षभरात तो बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ उघडा पडला. बैलं छावणीला गेली. आपलं घर जमीनवालं, घरातली बाई कधी परक्याच्या कामाला गेली नव्हती. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनीच आपल्या दोघींच्या हातात हातोडे दिले आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

दुष्काळी कामावर खडी फोडायला आपण शेजारी शेजारी बसलो. पहिल्याच दिवशी माझ्या बोटावर हातोडा बसला. मी कळवळले, "अहो अक्का!" तू पदराची चिंधी फाडून बोट बांधलंस आणि हसलीस.

"आगं, दगडावर बसल्यावर कसलं अहो-जाहो? तू म्हण मला. घरात सासूसमोर काय म्हणायचं ते म्हण."

तेव्हापासून कामावर तू आणि घरी तुम्ही. सासूबाई गेल्यावर घरीही तू झालीस.

तुझं मशीन तोवर मी पाहिलंच नव्हतं. तुझे वडील बाजारोबाजार कापड विकायचे, त्यांनी तुला लग्नात पायमशीन दिलं होतं. सासूबाईंनी ते माजघरात गोणपाट टाकून ठेवलं होतं. "शिवायला गावात शिंपी हाय. आपल्या घरच्या बाईनं लोकाची कापडं शिवू न्हाई." दहा वर्षं त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. कामावर मुलांना सुकडी वाटायचे, तिच्या पिठाच्या कापडी पिशव्या रिकाम्या व्हायच्या. तू मुकादमाला जाऊन विचारलंस, ह्या पिशव्या काय करता? तो म्हणाला, न्या. त्या संध्याकाळी तू घरी येऊन सासूबाईंना काही न विचारता बरण्या खाली ठेवल्यास.

त्या पिशव्यांवरची इंग्रजी अक्षरं कितीही धुतली तरी जायची नाहीत. खडीवरची सगळी लेकरं छातीवर न्हाईतर ढुंगणावर अक्षरं मिरवत हिंडायची. तू माप कधी घेतलं नाहीस. लेकराला उचलायचीस, काखेत धरायचीस, खाली ठेवायचीस, आणि दुसऱ्या दिवशी झबलं बरोब्बर बसायचं. मी काजं करायला तिथंच शिकले. माझं पहिलं काज तू उसवायला लावलंस. दुसरंही.

आणि तुझी शिवलीला. आठ महिन्यांची. कामावर झाडाखाली झोळीत असायची. पाऊस यायच्या आधीच्या पंधरवड्यात तिला जुलाब लागले. डॉक्टरकडं नेईपर्यंत तिचे डोळे आत गेले होते. मी बरोबर होते, अक्का, म्हणून लिहिते, नाहीतर हे लिहायचा मला अधिकार नाही. ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू खडीवर आलीस. तू कुणाकडंही बघितलं नाहीस. त्या दिवशी तू नेहमीपेक्षा दुप्पट खडी फोडलीस. तिचं नाव त्यानंतर तू घेतलेलं मी दोनदाच ऐकलं.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली, आपले नवरे शेताकडं वळले. सगळ्यांना वाटलं, मशीन परत माजघरात जाईल. ते गेलं नाही. सासूबाई दोन महिने तुझ्याशी बोलल्या नाहीत. तूही बोलली नाहीस, शिवत राहिलीस. माझ्या नवऱ्याला लातुरात अडत दुकानावर काम लागलं आणि आम्ही इथं आलो, तेव्हा तू मशीन बसच्या टपावर चढवून माझ्या खोलीत आणून ठेवलंस. म्हणालीस, "तुझ्यापशी राहू दे. मी रोज येत जाईन." मला वाटलं, आठ दिवस येशील. तू पहिल्या बसनं यायचीस आणि दिवे लागायच्या आत परत जायचीस. किती वर्षं, मोजलीच नाहीत. पोटात महादेव असतानाही आलीस. कंडक्टर तुझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचे.

आपण परकर शिवले. मग लहान मुलांची झबली-टोपडी. गंजगोलाईतल्या दुकानदारांकडं मी पिशवी घेऊन जायचे, कारण तुला दुकानाच्या पायरीवर उभं राहायला आवडायचं नाही. "माल चांगला असंल तर घेतील, तिथं जाऊन हासायचं कशाला?" मी म्हणायचे, अक्का, हसल्याशिवाय कुणी गाठोडं सोडून बघत नाही. एकाच्या दोन मशिनी झाल्या, दोनाच्या पाच. मी क्लास लावला, कागदी कटिंग शिकले, सोलापूरहून मापांचा छापील तक्ता आणला आणि भिंतीला चिकटवला. वय आणि समोर छाती, कंबर, उंची. तू तो तक्ता लांबून बघितलास आणि विचारलंस, "ही लेकरं कुटली हायत?"

मी म्हटलं, "कुठली म्हणजे? सगळीकडची."

तू मशिनीवर जाऊन बसलीस.

मग लातूर जिल्हा झाला. आता कुणाला सांगून कळणार नाही तो काय हुरूप होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्या बायका आल्या, भाड्यानं खोली मिळेना. उस्मानाबादला मारायचे हेलपाटे संपले म्हणून लोक पेढे वाटत होते. गावातले शिंपी कामाला पुरेनात. आणि एक दिवस मुलींच्या नव्या शाळेतून मला बोलावणं आलं. वसतिगृह होतं, खेड्यापाड्यातल्या मुली गोळा केल्या होत्या. मोठ्या बाईंनी नमुना दाखवला. आकाशी फ्रॉक, पांढरी कॉलर, कमरेला पट्टा. एकशेवीस. मी रस्त्यानं जवळजवळ पळत आले.

तू पट्टा शिवून बघितलास, कॉलर उलटी-सुलटी केलीस, आणि म्हणालीस, "पोरी बघून ये आदी."

"यादी हाय की. वर्ग हाय, वय हाय. तक्त्यात वयावरनं माप निघतंय."

"वय यादीत असतंय सुमे. अंग यादीत नसतंय."

"एकशेवीस पोरींची मापं घेत बसलो तर दिवाळी उजाडंल. पंधरा ऑगस्टला घालायचेत त्यांना."

"ह्या पोरी कवाच्या हायत, इचार केलास का? धा-अकरा वर्षांच्या. दुष्काळात पोटात न्हाईतर पाळण्यात हुत्या."

मला तेव्हा राग आला, अक्का. नवा जिल्हा, नवी शाळा, पहिली मोठी ऑर्डर, आणि तू तो दुष्काळ काढून बसलीस. मला तो विसरायचा होता. त्याच आठवड्यात सासरे आजारी पडले आणि तू रेणापूरला अडकलीस. जाताना सांगून गेलीस, "मी येईपर्यंत कापू नको." मी कापलं. आठ-आठ पदर एकावर एक घालून मोठ्या कात्रीनं दोन दिवसांत सगळं कापून काढलं. खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पहिल्यांदा काहीतरी मी एकटीनं, तुझ्या नजरेबाहेर केलं होतं. तू परत यायच्या आत फ्रॉक शिवून, इस्त्री करून शाळेत पोचते केले.

दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं. अंगणात मुली रांगेनं उभ्या होत्या. गळे खांद्यांवरून घसरत होते. पट्टे कमरेच्या खाली. घेर पोटऱ्यांपर्यंत आलेला. आधी त्या एकमेकींकडं बघून हसत होत्या. मग एक रडायला लागली आणि सगळ्यांचंच हसू गेलं. तक्ता चुकीचा नव्हता, अक्का. तो दुसऱ्या मुलींचा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "आठ दिवसांवर कार्यक्रम आलाय. काय करणार?" मी गठ्ठे बांधून रिक्षानं परत आणले.

तू आलेली होतीस. एक फ्रॉक उचलून खिडकीपाशी नेलास, खांद्यावर बोट फिरवलंस. म्हणालीस, "तू कापड बघतीस सुमे. माणूस बघत न्हाईस."

एवढंच बोललीस. ओरडली असतीस तर मी ऐकून घेतलं असतं. पण मशिनीवरच्या दोघी तिघी ऐकत होत्या, शाळेत इज्जत गेली होती, आणि तुझं खरं होतं. मी म्हटलं, "तुझी पोर गेली म्हणून तुला सगळ्या पोरी उपाशीच दिसायल्यात."

अक्का, हे वाक्य मी ह्या चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

तू फ्रॉक खाली ठेवलास. माठातलं पाणी घेऊन प्यायलीस. मग म्हणालीस, "टेप दे." मी टेप दिला. तू चप्पल घातलीस आणि शाळेकडं निघालीस. तू, जी दुकानाच्या पायरीवर उभी राहायची नाहीस.

दोन दिवस तू शाळेच्या ओट्यावर बसून होतीस. मी आले नाही. तिसऱ्या दिवसापासून आपण सगळ्याजणी उसवत बसलो. तू सांगत होतीस, "कापून टाकू नका. जास्तीचं आत घ्या. शिवणीत माया राहू द्या, वाढतील त्या." मी तुझ्याकडं पाठ करून शिवत होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळे फ्रॉक गेले. मोठ्या बाईंनी निरोप धाडला की पुढच्या वर्षीचं कामही तुमच्याकडंच. त्या निरोपावर हा कारखाना उभा राहिला. दुसरी शाळा आली, तिसरी आली, मोटारीच्या मशिनी आल्या, आपली स्वतःची जागा झाली. लोक मला विचारतात, बाई, तुम्ही एवढं कसं उभं केलं? मी काहीबाही सांगते. तक्ता मात्र मी त्याच आठवड्यात भिंतीवरून काढून टाकला. तू ते बघितलंस की नाही कुणास ठाऊक.

जागा झाली तेव्हा पाटी करायची होती. मी तुला न विचारता पेंटरला नाव दिलं. शिवलीला ड्रेसेस. मला वाटलं, तुला कळेल मी काय म्हणतेय. जे तोंडानं जमलं नाही ते असं तरी. तू सकाळी बसमधून उतरून आलीस, पाटीखाली उभी राहिलीस, आणि पेंटरला म्हणालीस, "पूस."

मी मध्ये पडले. "अक्का, अगं..."

"तिचं नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात नगं. शिवलीलातनं परकर आणला, शिवलीलाचं काज निघालं. नगं मला. पूस रे."

ओल्या रंगावर त्यानं फडकं फिरवलं. पुढं नावच पडलं नाही. 'येथे शाळेचे गणवेश शिवून मिळतील', एवढंच लिहिलं. अजून तेवढंच आहे. तुला ती पाटी म्हणजे माझी माफी आहे हे कळलं होतं का? कळूनच पुसायला लावलीस का? मी हे हजार वेळा उलटंपालटं केलंय. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी तू बसमधून उतरून यायचीस, डबा सोडून धपाट्याचा अर्धा तुकडा माझ्यापुढं करायचीस, आणि आपण बटणांवरून भांडायला लागायचो.

कशावरून नाही भांडलो. मोटार बसवायची म्हटलं तर तू म्हणायचीस, पायाला कळतंय कुठं थांबायचं, मोटारीला कळत न्हाई. मुलींना महिन्याचा पगार द्यायचा म्हटलं तर तू म्हणालीस दिवाळीला साडीही द्यायची, आणि ती मी निवडायची नाही. पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यात बायकांचे निम्मे दिवस टँकरपाशी जायचे. मी कामाची ओरड केली. तू त्यांची पाळी लावून दिलीस, आणि सत्तरीची बाई दुपारी स्वतः घागर घेऊन रांगेत उभी राहिलीस. मला बघून म्हणालीस, "इथं बसाय जागा हाय, तू पण ये." मी आले. त्या रांगेत दोन तास आपण काय काय बोललो. ते एक वाक्य सोडून सगळं.

दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत मी ठरवून आले होते. महादेव औषधं आणायला गेला. तुझा श्वास लागत होता, पण डोळे जागे होते. मी तुझा हात धरला.

"अक्का, ते शाळेचे फ्रॉक..."

"कुटले फ्रॉक? लई शिवले की."

"पहिले. त्या वेळी मी तुला..."

"सुमे," तू म्हणालीस, "त्या नव्या पोरीला काजावर बसीव. हात हलका हाय तिचा." आणि डोळे मिटलेस. तू विसरली होतीस? की मला बोलू द्यायचं नव्हतंस? मी तिथंच ओरडून सांगायला हवं होतं. नर्स आली, आणि मी हात सोडला.

हे असं मनात घेऊन मी इथं येरझारा घालतेय, आणि काल दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, सुती साडी, खांद्याला पर्स. कंधारला शाळेत शिकवते म्हणाली. तुझं कुणाकडून तरी कळलं म्हणून बस धरून आली होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं सांगितलं, ती त्या एकशेवीसमधली.

"मीच रडले होते हो पहिल्यांदा," ती म्हणाली. "गळा खाली यायला लागला आणि आत बनियन पण न्हवतं."

मग तिनं ते सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. तू ओट्यावर बसलीस आणि मुली लाजून पुढं येईनात. तेव्हा तू म्हणालीस, "पोरींनो, चूक फ्रॉकाची हाय. तुमच्या अंगाची न्हाई." मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, हे कापले कुणी? तू म्हणालीस, "मीच कापले. मला मापाचं कळत न्हाई, मी शिकलेली न्हाई. माझी जाऊ शिकलेली हाय, पुढचे ती कापंल."

ह्या बाईची पाळी आली तेव्हा तू विचारलंस, तुझा जन्म कवाचा? ती म्हणाली, दुष्काळातला. तू टेप गुंडाळून मांडीवर ठेवलास. तिला जवळ घेऊन काखेत उचललंस, एवढ्या दहा-अकरा वर्षांच्या घोडीला, आणि खाली ठेवलंस. तिचं माप तू टेपनं घेतलंच नाहीस. "सगळ्यात नीट माझाच बसला होता," ती म्हणाली. "दोन वर्षं घातला. दर वर्षी आई आतली शिवण सोडायची."

मी स्टूल ओढून बसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा बसले असेन.

मग मी त्या परक्या बाईला सगळं सांगितलं. ते फ्रॉक अक्कानं नाही, मी कापले होते हे सांगितलं. मी तुला काय बोलले तेही, अक्षरन् अक्षर. मागं मशिनी चालल्या होत्या, थांबल्या. मुलींनीही ऐकलं. ऐकू दे.

मग ती शिक्षकांचा असतो तशा समजुतीच्या सुरात म्हणाली, "त्यांच्या मनात काही नसंल हो. त्यांना सगळं कळत असंल." आणि घड्याळ बघून बसला निघून गेली.

सगळे असंच म्हणतात. असेलही. तुला कापड कळत होतं, अंग कळत होतं, तर हेही कळलं असेल. पण तुला कळलं म्हणून माझं सांगणं होत नाही. ते मीच सांगायला हवं होतं, तोंडानं, तू ऐकत असताना. आता तू ऐकत नाहीस, तरी सांगते.

त्या पोरी तुला उपाशी दिसत नव्हत्या, अक्का. त्या होत्या. तू तेवढं बघितलंस, आणि मी तुला तुझ्या लेकीवरून बोलले.

माझं चुकलं.